खुर्चीखाली १३४५ : जुनी लाकडी खुर्ची निवडताना पुरावा कसा वाचायचा



मे २०२५ मध्ये काकांचा अहमदपूरहून फोन आला. "तू ते लाकडाचं शिकायलास ना? मग इकडं ये. खुर्चीचं काय करायचं ते सांग."

ही खुर्ची म्हणजे आमच्या ढाळजेत वर्षानुवर्षं पडून असलेली, वाकवलेल्या गोल लाकडाची, पाठीला कमान असलेली काळसर खुर्ची. लातूरहून एक जुन्या वस्तूंचा व्यापारी आला होता. त्यानं खुर्ची पाहिली आणि म्हणाला, "निजामकालीन अँटिक आहे. पायाची पट्टी काढून, पॉलिश करून दिली तर चांगले पैसे देतो." त्या पैशात नवा सोफा येत होता. काकांना सोफा हवा होता, वडिलांना खुर्ची. मी वनस्पतीशास्त्राचा, लाकडाची अंतर्रचना हा माझ्या प्रबंधाचा भाग. म्हणून निवाडा माझ्याकडे आला.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांना 'प्राथमिक साधन', 'साधनचिकित्सा', 'कालनिश्चिती' हे शब्द पाठ असतात. पण एखादी वस्तू समोर ठेवून हे काम कसं करायचं, ते वर्गात फारसं होत नाही. म्हणून आज ती खुर्चीच समोर ठेवतो. तुम्हाला घरासाठी जुनी खुर्ची, बाक किंवा आरामखुर्ची घ्यायची असेल तरी हीच रीत उपयोगी पडेल. जुनं फर्निचर विकणारा आपल्याला लाकडापेक्षा जास्त एक गोष्ट विकत असतो. ती गोष्ट तपासायची कशी, हा खरा प्रश्न आहे.

आधी खुर्चीच नव्हती

आपल्या जुन्या घरांत बसायची सोय भरपूर होती. जेवायला पाट, पूजेला चौरंग, ओसरीवर घोंगडी किंवा सतरंजी, आल्यागेल्याला बाज, ऐपतदार वाड्यात बंगई, आणि बैठकीत गादी, लोड, तक्के. खुर्ची मात्र या यादीत नव्हती. शब्दसुद्धा बाहेरचा आहे. अरबी 'कुर्सी' फारसीच्या वाटेनं मराठीत आली आणि 'खुर्ची' झाली.

म्हणजे प्रतिष्ठा नव्हती असं नाही. प्रतिष्ठा उंचीपेक्षा जागेवर ठरायची. गादीवर कोण, गादीच्या जवळ कोण, जाजमावर कोण, जोड्यांपाशी कोण आणि अंगणात कोण. शाळेतही तेच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे की, लहानपणी शाळेत त्यांना वेगळ्या गोणपाटावर कोपऱ्यात बसावं लागे आणि ते गोणपाट रोज घरी नेऊन दुसऱ्या दिवशी परत आणावं लागे. बसण्याच्या साधनांचा इतिहास लिहायचा तर त्या गोणपाटाला वगळून लिहिता येत नाही.

आपला भाग हैदराबाद संस्थानात होता आणि तिथल्या खुर्चीची एक तारीख नोंदलेली आहे. निजामाच्या दरबारात इंग्रज रेसिडेंटनं जोडे काढून खाली बसायचं, अशी जुनी रीत होती. १८६९ मध्ये निजाम अफझल-उद्-दौला वारले आणि जेमतेम अडीच वर्षांचे महबूब अली खान गादीवर आले. तेव्हाचे रेसिडेंट सॉन्डर्स यांनी आग्रह धरला की आता आम्ही जोड्यांसकट येणार आणि खुर्चीवर बसणार. तसंच झालं. गादीवर लहान मूल असताना दरबाराची बसण्याची पद्धत बदलली. त्या दरबारात खुर्ची आराम म्हणून शिरली नाही, सत्ता म्हणून शिरली.

तिथून ती खाली झिरपली. कचेरीत साहेबाला खुर्ची, कारकुनाला खुर्ची. शेतसाऱ्याच्या कामाला आलेला शेतकरी मात्र बाहेर ओट्यावर उकिडवा. आमचे आजोबा अशा शेतकऱ्यांपैकी एक. अहमदपूर तेव्हा बिदर जिल्ह्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली आणि अहमदपूर, निलंगा, उदगीर हे बिदरचे तालुके मुंबई राज्यात आले. आमच्या घरची गोष्ट अशी की "बिदर सुटलं त्या साली" कचेरीतलं जुनं सामान लिलावात निघालं आणि आजोबांनी ही खुर्ची घेतली. ज्या खुर्चीसमोर उभं राहायचं, ती घरी आणली. वडील सांगतात, आजोबा स्वतः तिच्यावर कधी बसले नाहीत. पाहुणा आला की पुढं करायचे.

ही झाली घरची गोष्ट. आता ती तपासायची.

वाफेवर वाकवलेलं लाकूड

खुर्चीचा प्रकार ओळखणं सोपं होतं. याला बेंटवुड म्हणतात. मुंबई, पुणे, हैदराबादच्या इराणी हॉटेलात संगमरवरी टेबलाभोवती ज्या खुर्च्या असतात, त्याच घराण्यातली ही.

या घराण्याचा मूळपुरुष मिखाएल थोनेट. जन्म १७९६, जर्मनीतल्या ऱ्हाइनकाठच्या बोपार्ड गावचा सुतार. पुढे तो व्हिएन्नाला गेला. बीच नावाच्या झाडाच्या गोल दांड्या वाफेत मऊ करून त्या लोखंडी साच्यात वाकवायच्या, ही त्याची पद्धत. यातली गंमत विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखी आहे. वाफवलेलं लाकूड दाबलं तर पंचवीस टक्क्यांपर्यंत आखडू शकतं, पण ताणलं तर एक-दोन टक्क्यांतच तुटतं. दांडी वाकवताना बाहेरची बाजू ताणली जाते आणि तडकते. थोनेटनं बाहेरच्या बाजूला लोखंडाची पट्टी घट्ट बसवली. त्यामुळे लाकडाला ताणायला वावच राहिला नाही. सगळं आकुंचन आतल्या बाजूला झालं आणि दांडी शाबूत वाकली.

१८५९ ची त्याची चौदा नंबरची खुर्ची जगभर गेली. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात बसायच्या. जहाजातून न्यायला याहून सोयीचं काय? १८६९ मध्ये त्याच्या पेटंटची मुदत संपली आणि याकोब व योसेफ कोनसारखे प्रतिस्पर्धी उतरले. कारखाने मुख्यतः मोराव्हियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, जिथं बीचची जंगलं होती. १८८० च्या दशकात पोलंडच्या राडोम्स्को गावातही कारखाने निघाले.

म्हणजे पहिला निष्कर्ष व्यापाऱ्याच्या विरुद्ध गेला. ही खुर्ची कुणा निजामी कारागिरानं कोरलेली दुर्मीळ वस्तू नव्हती. लाखोंनी निघालेल्या कारखानी मालातली ती एक होती.

खुर्ची उलटी करा

जुनी खुर्ची तपासायची तर आधी ती उलटी करायची. वरून ती लोकांना दाखवण्यासाठी असते. खाली मात्र तिला फारसं कुणी सजवत नाही.

आधी लाकूड. काकांना वाटत होतं सागवान. किनवटच्या जंगलातला साग आपल्याकडे ओळखीचा, त्यामुळे चांगलं लाकूड म्हणजे साग अशी समजूत असते. दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन मी आसनाच्या कडेचा न रंगवलेला भाग पाहिला. सागात वर्षवलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग दिसते, हाताला किंचित तेलकट लागतो आणि कापल्यावर चामड्यासारखा वास येतो. इथं छिद्रं बारीक आणि सगळीकडे सारखी पसरलेली होती, आणि पृष्ठभागावर तपकिरी, दोन-तीन मिलीमीटरच्या बारीक रेघा होत्या. हे बीचचं लक्षण. युरोपातलं बीच भारतात नैसर्गिकरीत्या वाढत नाही. म्हणजे लाकूड तरी बाहेरून आलेलं.

मग कागद. आसनाच्या आतल्या बाजूला अर्धवट फाटलेलं लेबल होतं. कंपनीचं नाव गेलेलं, पण 'मेड इन' आणि त्याखाली 'पोलंड' एवढं वाचता येत होतं. हे माझ्यासाठी सोन्यासारखं. पोलंड १७९५ ते १९१८ स्वतंत्र देश म्हणून नकाशावर नव्हता. राडोम्स्को तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. देश पुन्हा उभा राहिला नोव्हेंबर १९१८ मध्ये. तसंच 'ऑस्ट्रिया' लिहिलेलं मोरावियन लेबल साधारण १९१८ च्या आधीचं आणि 'चेकोस्लोव्हाकिया' लिहिलेलं त्यानंतरचं. सरहद्दी बदलतात तेव्हा लेबलं बदलतात, आणि लेबल आपल्याला 'याच्या आधीचं असण्याची शक्यता नाही' अशी एक सीमा देतं. नेमकी तारीख देत नाही, हे लक्षात ठेवा.

इथं एका मित्रानं विचारलं, "एवढं कशाला? कार्बन डेटिंग कर की!" हा प्रश्न तुम्हालाही मुलाखतीत येऊ शकतो, म्हणून उत्तर देतो. साधारण १६५० ते १९५० या काळात वातावरणातल्या कार्बन-१४ चं प्रमाण असं वरखाली झालं आहे की एकाच मोजमापाला अनेक तारखा जुळतात. १९३० चं लाकूड आणि १७०० चं लाकूड वेगळं काढणं अवघड. १९५५ नंतर वाढलेलं लाकूड मात्र ओळखता येतं, कारण अणुचाचण्यांमुळे हवेतलं कार्बन-१४ एकदम वाढलं. दुसरी अडचण त्याहून मोठी. कार्बन झाडाचं वय सांगतो, खुर्चीचं नाही. पडलेल्या वाड्याच्या शंभर वर्षं जुन्या तुळईतून काल केलेली खुर्ची प्रयोगशाळेत जुनीच ठरेल. बाजारात अशा खुर्च्या असतातही.

वर्षवलयांचंही तसंच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सागाच्या वलयांवरून जुन्या पावसाचा अभ्यास झालेला आहे, पण त्यासाठी लांबलचक वलयमालिका लागते. तीन सेंटिमीटर जाडीच्या दांडीत ती कुठून येणार? उपकरण मोठं असलं म्हणून ते आपल्या प्रश्नाला लागू पडतंच असं नाही. प्रस्ताव लिहिताना हे आधी तपासा.

१३४५ कुणाचं?

लेबलाच्या शेजारी काळ्या रंगात, उर्दू अंकांत एक आकडा होता. १३४५. पुढं एक अक्षर, पुसट.

इथं मी चूक केली आणि ती कबूल करतो. उर्दू अंक दिसले, चार आकडी दिसले, म्हणजे हिजरी सन, असं मी धरून चाललो. मोबाईलवर रूपांतर केलं. १३४५ हिजरी म्हणजे जुलै १९२६ ते जून १९२७. घरात जाहीर करून टाकलं, "खुर्ची ९९ वर्षांची आहे." काकांचा चेहरा खुलला, कारण व्यापारी त्यांना सांगून गेला होता की शंभरीला फार महत्त्व असतं. ते खरंही आहे. १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार अशी वस्तू किमान शंभर वर्षं जुनी असेल तर ती 'पुरावशेष' या व्याख्येत येऊ शकते. मग तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. बाजारातही साधारण शंभरीच्या पुढचं ते 'अँटिक', अलीकडचं ते 'व्हिंटेज'. काका म्हणाले, "मग एक वर्ष थांबू, पुढच्या साली विकू."

दोन दिवसांनी एका उर्दू शाळेतल्या निवृत्त गुरुजींना मी आकड्याचा फोटो दाखवला. त्यांनी आकडा सोडून ते पुसट अक्षर मोठं करून पाहिलं. म्हणाले, "हिजरीसाठी 'हे' लिहितात. हे 'फे' आहे. फसली."

मी कपाळावर हात मारला. फसली सन आमच्या घरात होता! जुन्या जमिनीच्या कागदांवर तोच आहे. हैदराबाद संस्थानाचा महसुली कारभार फसली सनात चालायचा. फसल म्हणजे पीक, आणि सारा पिकावर, म्हणून वर्षही पिकाच्या हिशोबाचं. हिजरी वर्ष चांद्र असल्यानं ते दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतं. साऱ्याच्या हिशोबाला ते चालत नाही. हैदराबादचं फसली वर्ष आझुर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून सुरू व्हायचं. त्यात ५९० मिळवले की ते वर्ष कोणत्या इसवी सनात सुरू झालं ते कळतं. १३४५ अधिक ५९० बरोबर १९३५. म्हणजे ऑक्टोबर १९३५ ते ऑक्टोबर १९३६.

आकडा एकच, पण सन बदलला की नऊ वर्षांचा फरक. मराठवाड्यावर काम करणाऱ्यांनी हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं : सन कोणता ते ठरल्याशिवाय रूपांतर करायचं नाही. आपल्याकडच्या कागदांत शक, फसली, हिजरी आणि इसवी हे चारही सन भेटतात, कधीकधी एकाच कागदावर.

आणि इथंही थांबून विचार करा. १९३५-३६ हे खुर्ची बनल्याचं वर्ष आहे का? नाही. फार तर ते कचेरीच्या यादीत तिची नोंद झाल्याचं वर्ष आहे. म्हणून माझा निष्कर्ष एवढाच : खुर्ची १९१८ नंतर बनली आणि 'फे' हे वाचन बरोबर असेल तर १९३५-३६ मध्ये कुठल्यातरी कचेरीत नोंदली गेली. कोणत्या कचेरीत, तेही आकडा सांगत नाही. निजामाचा काळ म्हणाल तर बरोबर. शंभर वर्षं म्हणाल तर असेलही, पण सिद्ध करता येत नाही.

काका म्हणाले, "इतकं शिकून घराचं नुकसानच केलंस की रं."

डावा पाय

व्यापाऱ्याला जी पट्टी काढायची होती ती डाव्या पुढच्या पायावर आहे. पाय मधोमध तिरका मोडलेला, चिकटवलेला, त्यावर लोखंडी पट्टी, आणि पट्टीला चार स्टार स्क्रू, म्हणजे डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेले. बाकी खुर्चीतले स्क्रू एका सरळ खाचेचे आहेत. स्टार स्क्रूचं पेटंट अमेरिकेत हेन्री फिलिप्सला १९३६ मध्ये मिळालं. म्हणजे पट्टी त्यानंतरची, हे नक्की. भेगेत सुकलेला पांढरट गोंद दिसतो. जुन्या सुतारकामातला सरस तपकिरी असतो आणि गरम पाण्यानं मऊ पडतो. हा पडला नाही. हा फेविकॉलसारखा गोंद असावा, आणि फेविकॉल बाजारात आला १९५९ मध्ये. चला, म्हणजे दुरुस्ती आपल्याच घरातली.

कधीची? आत्या सत्तरीची आहे. ती म्हणाली, "किल्लारीच्या भूकंपाला." ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. किल्लारी आमच्यापासून लांब, पण धक्का सगळ्यांनी अनुभवला. अंधारात सगळे ढाळजेतून बाहेर पळाले, दारातल्या खुर्चीला अडखळून आजोबा पडले आणि खुर्चीचा पाय मोडला. मग कितीतरी रात्री सगळं घर अंगणात झोपलं. माळवदाखाली जायची कुणाची छाती होत नव्हती. आजीला खाली बसता येत नव्हतं, म्हणून आजोबांनी सुताराकडून पट्टी मारून घेतली आणि आजी त्या खुर्चीवर बसून रात्र काढायची.

काका म्हणाले, "काही नाही. दिवाळीत पोरांनी आगगाडी आगगाडी खेळताना मोडली."

दोन साक्षी, दोन्ही घरातल्या, दोन्ही खात्रीच्या. अशा वेळी काय करायचं? मी घरातले फोटो काढले. १९८९ च्या काकांच्या लग्नाच्या फोटोत खुर्ची आहे, पाय धड आहे. १९९६ ला माळवद उतरवून स्लॅबचं घर बांधलं, त्या वास्तुशांतीच्या फोटोत पट्टी दिसते. म्हणजे दुरुस्ती या सात वर्षांतली. भूकंप त्यात बसतो. आगगाडीचा खेळही बसतो. फोटो दोघांपैकी कुणालाही खोटं ठरवत नाहीत.

खरं सांगतो, मला आत्याची गोष्ट हवी होती. ती सुंदर आहे आणि लेखात छान दिसते. म्हणूनच मी तिच्याकडे जास्त संशयानं पाहिलं. संशोधनात आवडता निष्कर्ष सगळ्यात आधी तपासायचा असतो. शेवटी दोन्ही आठवणी सांगणाऱ्याचं नातं आणि तारीख घालून लिहून ठेवल्या, आणि 'अनिर्णित' असं लिहिलं. 'अनिर्णित' लिहायला लाजू नका. मार्गदर्शक रागावत नाहीत, उलट बरं म्हणतात.

एक गोष्ट मात्र लाकडानं स्वतः सांगितली. चारही पायांना जोडणारी जी खालची गोल कडी असते, ती समोरच्या बाजूला घासून चपटी झाली आहे. वर्षानुवर्षं कुणीतरी टाचा तिथं टेकवून बसलं होतं. आजोबा बसत नव्हते, हे खरं धरलं तर त्या टाचा बहुधा कचेरीतल्या कुणा कारकुनाच्या. त्याचं नाव कुठल्या कागदावर सापडेल असं वाटत नाही. आणि त्याच्यासमोर उभं राहणाऱ्यांची खूण तर खुर्चीवर कुठंच नाही. वस्तूचा पुरावाही बसणाऱ्याच्याच बाजूनं असतो, हे मला त्या दिवशी कळलं. उभं राहणाऱ्यांसाठी आठवणींकडेच जावं लागतं.

मग निवडायची कशी?

तुम्ही जुनी खुर्ची घ्यायला गेलात तर हा क्रम ठेवा.

१. आधी बसा. डावीकडे, उजवीकडे, मागे वजन टाका. बेंटवुडचा हलका डुगडुगाट बहुतेक वेळा सैल स्क्रूचा असतो आणि तो सुधारता येतो. वाकवलेल्या भागालाच आडवी चीर असेल तर सोडून द्या.

२. उलटी करा. लेबल, शिक्का, आकडा, अक्षर, सगळ्याचा फोटो काढा. काही पुसू नका. धूळ झटकायचीच तर फोटो काढल्यावर, मऊ ब्रशनं.

३. लाकूड पाहा. बारीक गोल छिद्रं आणि खाली पिठासारखा ताजा भुसा असेल तर कीड अजून आत आहे. अशी खुर्ची घरातल्या बाकीच्या लाकडाजवळ ठेवू नका.

४. प्रत्येक भागाचं वय वेगळं धरा. स्क्रू, गोंद, वेताचं विणकाम, आसनाचं प्लायवूड, पॉलिश. एका भागाची तारीख सगळ्या खुर्चीला लावायची नाही. वेत भोकांतून हातानं विणला आहे की तयार जाळी खाचेत बसवली आहे, एवढं पाहिलं तरी आसनाबद्दल बरंच कळतं.

५. पॉलिश तपासायचं तर न दिसणाऱ्या जागी कापसाला थोडं स्पिरिट लावून टेकवा. जवळ ज्योत नको. चपडा लाखेचं फ्रेंच पॉलिश विरघळून कापसाला लागतं. आजकालचं पॉलियुरेथेन विरघळत नाही.

६. विकणाऱ्याची गोष्ट लिहून घ्या, पण किंमत खुर्चीची द्या. 'निजामकालीन', 'पेशवेकालीन', 'संस्थानिकाची' हे शब्द ऐकले की एकच विचारा : हे कशावरून? उत्तर खुर्चीवर दाखवता आलं तर ठीक.

७. दुरुस्ती हा दोष समजू नका. चांगली, घट्ट, लपवाछपवी न केलेली दुरुस्ती असलेली खुर्ची मी चकचकीत केलेल्या खुर्चीच्या आधी निवडेन. नव्या पॉलिशसाठी कागदपट्टीनं घासताना आकडे जातात, लेबल जातं, टाचांची झीजही जाते. मग उरते ती गोष्टच, तपासायला काही उरत नाही.

आमच्या खुर्चीचा निकाल असा लागला. माझं ऐकून व्यापाऱ्यानं भाव निम्म्याहून खाली आणला. तेवढ्यात सोफा येत नव्हता. काका चार दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. खुर्चीला मी काहीच केलं नाही, फक्त वरचे दोन सैल स्क्रू आवळले आणि काढलेल्या सगळ्या फोटोंची एक फाइल करून त्यात आत्याचं आणि काकांचं म्हणणं लिहून ठेवलं.

परवा वडिलांनी फोटो पाठवला. काका ओसरीवर, त्याच खुर्चीत बसून पेपर वाचत आहेत. टाचा खालच्या कडीवर टेकवलेल्या. मी तोही फोटो तारीख घालून फाइलला लावला.

पुढच्या लेखात फसली, शक आणि हिजरी सनांचं रूपांतर हातानं कसं करायचं ते उदाहरणं घेऊन पाहू. तोपर्यंत घरातली एक जुनी वस्तू उलटी करून बघा.